पाना धरणारं माणूस

"आई, धरलायस ना नीट?" ट्रेलरखाली उताणा पडलेला गॅरेट पुन्हा ओरडला.

"धरलाय की! तू आवळ," बाहेरून लव्हॉन म्हणाली.

बोल्ट पोलादी चासीतून आरपार गेलेला. बाहेरून एकाने त्याचं डोकं पान्यात धरायचं, आतून दुसऱ्याने नट आवळायचा. गॅरेट घाम गाळत होता आणि नटाबरोबर बोल्टही मजेत गरागरा फिरत होता.

या बोल्टांवर कड्या बसायच्या होत्या, कड्यांना पट्टे, आणि पट्टे जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंट्यांना. ओक्लाहोमातलं वादळ काही विचारून येत नाही. वडील गेल्यावर गॅरेटने आईचा ट्रेलर, म्हणजे तिचं चाकांवरचं घर, आपल्या परसात आणून उभा केला होता; आज तो कायमचा बांधायचा, मग चाकं काढायची. लव्हॉनला मात्र तो गाडीमागे जोडून ओढत मोंटानाला बहिणीकडे जायचं होतं. तिने एकदा तसं सांगितलं तेव्हा गॅरेट हसला होता. मग तिने तो विषयच काढला नाही.

"बोल्टच भिकार आहे हा!" गॅरेट सरपटत बाहेर आला आणि बघतच राहिला. लव्हॉन घडीच्या खुर्चीत आरामात बसली होती. हातात कॉफी, मांडीवर पाना.

"सकाळपासून मला येडा बनवतेयस?"

"मग काय करू? तोंडाने सांगितलं तर हसतोस. मी गाय आहे का रे, खुंट्याला बांधायला?"

"अगं, वाटेत तुला काही झालं तर?"

"होईल ते होईल. इथं परसात बसून मला काहीच होणार नाही, त्याचीच धास्ती वाटते."

गॅरेटने हाताचं ग्रीस पँटला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग ट्रेलरच्या कप्प्यातून त्याने एक खोकं ओढून काढलं. रस्त्यावर ट्रेलर डुलू नये म्हणून लावायचा दांडा होता त्यात. वडिलांनी हौसेने आणलेला, बसवायचा राहून गेलेला.

"ये इकडे," ट्रेलर गाडीला जोडतात त्या तोंडाशी आडवा होत तो म्हणाला. "यालाही बोल्टच आहेत."

लव्हॉन खुर्चीतून लगबगीने उठली. "पण ट्रेलर लावून मला गाडी अजून मागे घेता येत नाही रे नीट," ती पुटपुटली.

"रविवारी चर्चच्या मैदानात शिकवतो. लोकांच्या गाड्या गेल्यावर हं! आता धर."

कॉफी गवतात ठेवून ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी पाना धरला. गॅरेटने जोर लावला. बोल्ट तसूभर हलला नाही. नट करकचून बसला.

"बास, झालं. सोड आता."

तिने सोडला नाही.

"अजून एक पीळ दे," ती म्हणाली. "मोंटाना लांब आहे."