धोंड्याचं जेवण

मी पाटाभोवती रांगोळी काढत होते आणि मुंबईहून आलेले निर्माते सोफ्यावर बसून मला समजावत होते. हिरोचं काम माझ्या केदारलाच द्यायचंय, फक्त सिनेमा लागेपर्यंत त्याच्या जोडीदारानं, सौमित्रनं, या घरात राहू नये. कुणी विचारलं तर सांगायचं, लग्नासाठी मुलगी बघतोय.

“काकू, लोकांना असा हिरो चालत नाही.”

“लोकांनी येऊन सांगितलं, का तुमचं तुम्हीच घाबरलाय?”

केदारची मान खाली होती. इतकी वर्षं हिरोच्या मित्राचीच कामं केलेला पोरगा. तेवढ्यात सौमित्र बॅग घेऊन बाहेर आला. “आई, मी जातो. त्याचं काम जायला नको.”

“अधिक महिन्यात जावई न जेवता उठून जातो होय? बस पाटावर.”

मला मुलगी नाही. दर अधिकात शेजारणींच्या जावयांसाठी मी अनारसे तळून द्यायची. यंदा वाणाचं ताट माझ्याच घरच्या जावयासाठी होतं.

सौमित्र उभाच. मग केदार उठला, त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि निर्मात्यांना म्हणाला, “विचारलं तर मी खरं तेच सांगणार. काम दुसऱ्याला द्या.”

निर्माते तोंड पाडून निघाले. मी जेवायला थांबा म्हटलं, पण थांबले नाहीत. मी जावयाला ओवाळलं, अनारशांचं वाण दिलं. निर्मात्यांच्या वाटचे पुरणाचे धोंडे केदारनं खाल्ले, तेही तूप मागून मागून.