वाकडी बोटं

कुऱ्हाडीचा पहिला घाव पियानोच्या झाकणावर बसला. लाकूड उभं चिरलं. आतल्या तारा एकदम कण्हल्या आणि बराच वेळ कण्हतच राहिल्या.

"आता वाजव," चिंतामण ओरडला. "वाजव की!"

चारुलता पियानोला पाठ लावून उभी राहिली. त्यानं कुऱ्हाड हातात फिरवली आणि दांडा तिच्या खांद्यात हाणला. ती खाली बसली, पण बाजूला झाली नाही.

रहिमतपूरच्या पेठेत चिंतामणची भुसार मालाची अडत होती. दुकानात तो फार गोड बोले. घरात तोंडाआधी हात चाले. चारुलता पाचगणीची, डॉक्टरांची मुलगी. विलायतेला परत निघालेल्या एका मडमेकडून तिच्या वडिलांनी हा पियानो घेतला होता. ती त्यावर हौसेनं शिकली. लग्नात तो तिच्याबरोबर सासरी आला. पहिल्याच दिवाळीला ती पाहुण्यांपुढं वाजवायला बसली. एका पाहुण्यानं मनापासून वाहवा केली. पाहुणे गेल्यावर चिंतामण म्हणाला, "पुन्हा वाजव. मला ऐकू दे." ती हरखून बसली. तिची बोटं पट्ट्यांवर आली तसं त्यानं झाकण आपटलं आणि वर गुडघा रोवला.

उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली. पियानोवर गव्हाचे डबे चढले. दहा-अकरा वर्षं ते तसेच राहिले.

मग बेचाळीसची धामधूम झाली, आणि त्याच सुमारास मनुबाई गावात आल्या. साताऱ्यात मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर पियानो शिकवला होता. आता म्हातारपणी त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. एका दुपारी चारुलता त्यांच्याकडे गेली आणि तिनं हात पुढं केला.

"या हातानं जमेल?"

मनुबाईंनी बोटं दाबून पाहिली. "पहिल्यासारखं नाही जमणार. सगळं नव्यानं शिकावं लागेल. आणि दुखेल."

"दुखू दे."

चिंतामण दुकानात असे तेव्हा डबे खाली उतरत आणि मनुबाई येत. लहान पोरींचे धडे चारुलता पुन्हा पहिल्यापासून गिरवू लागली. वाकडी बोटं पट्टीवरून घसरत. ती डाव्या हातानं त्यांना पकडून पट्टीवर आपटी. नखाखालून रक्त येई. "अगं, कुणाला मारतेयस एवढी?" मनुबाई विचारत. ती पदराला बोट पुसून पुन्हा सुरुवात करी.

आज एक धून पहिल्यांदा न अडखळता पुरी झाली होती. त्या नादात दार उघडलेलं तिला कळलंच नाही. चिंतामणनं मनुबाईंना दंडाला धरून रस्त्यावर ढकललं आणि परसातून कुऱ्हाड आणली.

धुणंभांडी करणाऱ्या अंबूबाईनं हे मागच्या दारातून पाहिलं. ती हातातलं भांडं टाकून पळाली. शिवारात चळवळीतली भूमिगत पोरं दडलेली असत. बायकोला मारणाऱ्याला ती काय करतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवेलागणीच्या आत ती पोरं आली. पुढं त्यांचा म्होरक्या नाथाजी, मागं दोघं. चारुलता अजून पियानोला टेकूनच बसली होती; चिंतामण कुऱ्हाड टाकून झोपाळ्यावर पाणी पीत होता. तांब्या त्याच्या हातातून उडाला. एकानं मानगूट धरून त्याला पालथा पाडला, दुसरा पाठीवर बसला.

"बायकूवर कुऱ्हाड उचलतोस व्हय रं?" नाथाजीनं त्याच्या तोंडावर चपराक मारली. ओठ फुटला. मग त्यानं चारुलताचा हात उजेडाकडं वळवून पाहिला.

"ताई, ह्ये कवाचं?"

तिनं सांगितलं. चार वाक्यांत संपलं. इतकी वर्षं तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

नाथाजीनं चिंतामणचे दोन्ही हात ओढून दगडी उंबरठ्यावर पसरले आणि मनगटांवर पाय दिला. स्वयंपाकघरातून त्यानं वरवंटा मागवला.

"आसल्यांचे आमी तळपाय फोडतो," तो म्हणाला. "पर ह्ये तुमच्या हातानं हुं द्या."

चारुलतानं वरवंटा घेतला. तो जड होता आणि त्याला अजून ओल्या मिरचीचा वास होता. चिंतामणची बोटं दगडावर पसरली होती. त्यातलं एकेक कांडं कसं वाजेल हे तिला नेमकं ठाऊक होतं. तो आवाज तिला ऐकायचा होता. इतकी वर्षं रोज ऐकायचा होता. तिनं वरवंटा डोक्यावर उचलला.

"चारू, नको!" चिंतामण किंचाळला. "पाया पडतो तुझ्या!"

तिनं सगळ्या जोरानं वरवंटा खाली आणला. दगडाची ढलपी उडून त्याच्या गालात घुसली. बोटांना धक्का लागला नव्हता. उंबरठ्याला बोटभर खळी पडली होती.

तिनं वरवंटा भिंतीशी नीट ठेवला.

"दया आली व्हय, ताई?" नाथाजीनं विचारलं.

"दया नाही," चारुलता म्हणाली. "याचे हात मोडले, तर रोज घास भरवायला मला इथंच राहावं लागेल. उठवा त्याला. पियानो बैलगाडीत चढवायचाय, आणि तुम्ही तिघंच आहात."