कोण आलंय?

“बाई, मुद्द्यावर या,” ती माइकमधून म्हणाली.

मागच्या रांगेत उभी राहून बोलणारी म्हातारी थबकली. तिच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता. कुणाचं तरी तान्हं तिथं झोपलं असणार. टेबलामागून तो डाग दिसण्यासारखा नव्हता, पण तिला दिसला. तसे डाग त्या खांद्यावर ती लहानपणापासून बघत आली होती. म्हातारी तिची आई होती; राहत्या घरातच पाळणाघर चालवायची. सभागृहात हे कुणालाच ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती.

भागातली पाळणाघरं, पालक, दवाखाना आणि वाचनालय यांनी मिळून हे मंडळ काढलं होतं. एखाद्या पाळणाघरावर अडचण आली, तर शेजारच्या पाळणाघरानं तिथली मुलं सांभाळायची. त्याची सगळी जुळवाजुळव तिच्याकडे होती. नेमणूक झाली तेव्हा तिनं आईला बजावलं होतं, “बैठकीत मला मॅडमच म्हण. नातं कळलं तर बरं दिसत नाही.”

“आणि तू मला काय म्हणशील?”

“बाई.”

“चालेल की. पोरंही बाईच म्हणतात,” आई हसून म्हणाली होती.

नात्यागोत्याचा प्रश्न होताच, पण तो पुढे करायला. खरं कारण जुनं होतं. शाळेत एकीनं भर वर्गात विचारलं होतं, “तुझी आई लोकांच्या पोरांची ढुंगणं धुते ना?” ती म्हणाली होती, “छे, ती माझी आई नाही, आमची कामवाली आहे.” त्या दिवसापासून आईचा विषय निघाला की तिची जीभ टाळूला चिकटायची.

“मुद्दा एवढाच,” आई मागून म्हणाली, “मूल न्यायला कुणी आलं, की मी दारात त्याचा हात धरून विचारते, कोण आलंय? त्यानं मोठ्यानं सांगायचं. मगच हात सोडते. सगळ्यांनीच असं केलं तर बरं होईल.”

“पालकांना ओळखपत्रं दिलीत ना आपण?” ती म्हणाली. “आता दोन वर्षांच्या पोरांच्या साक्षी काढायच्या का?”

वाचनालयातले गृहस्थ खो खो हसले. पाळणाघरवाल्या बायका मात्र माना खाली घालून बसल्या. आपल्यातल्याच एकीचं हसं झालं म्हणून त्या शरमल्या असाव्यात, असं तिला वाटलं.

“बरं, मॅडम,” म्हणून आई खाली बसली.

बैठकीनंतर जिन्यात आई तिच्याजवळ आली. “साक्षीसाठी नव्हतं गं ते. तोंडानं म्हटलं की पोराला धीर येतो, आपलं माणूस आलं म्हणून.” वरून पावलं वाजली. आईनं लगेच आवाज बदलला. “घसा बसलाय तुमचा, मॅडम. गरम पाणी पीत जा.”

तिनं फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं पाळणाघर चालवणाऱ्या मावशींचा फोन आला. “मॅडम, तुम्ही या. बाई गेल्या. मुलं निजली होती, त्यांच्यातच बसल्या बसल्या गेल्या. मुलांना काही कळलेलं नाही. मी आहे, नर्सही आल्यात. तुम्ही फक्त या.”

तिनं पर्स उचलली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, “काय झालं हो?”

“एका पाळणाघरात अडचण आलीय,” ती म्हणाली. जिना उतरताना आपलेच शब्द तिच्या कानात वाजत राहिले.

ती पोहोचली तेव्हा मुलांना न्यायला पालक जमले होते. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्याच्या पायरीवर ती त्यांच्यामागे परक्यासारखी उभी राहिली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. उंबऱ्याशी मावशी एकेका मुलाचा हात धरून बसल्या होत्या.

“कोण आलंय?”

“बाबा!”

हात सुटायचा.

“कोण आलंय?”

“आजी!”

पायरी रिकामी झाली. एक चिमुरडी तेवढी मावशींना चिकटून राहिली होती. तिचे बाबा यायचे होते.

“आत या,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, मी त्यांची...” पुढचा शब्द येईना.

“ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. मंडळ निघालं तेव्हाच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. लेक आहे माझी, म्हणाल्या, पण तुम्हाला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका. अवघडेल बिचारी.”

काल खाली गेलेल्या माना तिला आठवल्या. त्या बायका आईमुळे शरमल्या नव्हत्या.

मावशींनी बाजूला सरून वाट दिली. ती हलली नाही.

“मलाही विचारा,” ती म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून तिचा हात धरला.

“कोण आलंय?”

तिचे ओठ हलले.

“मोठ्यानं सांगायचं असतं,” चिमुरडी म्हणाली. “बाईंना ऐकू आलं पाहिजे.”

तिनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

“आई,” ती मोठ्यानं म्हणाली, “तुझी मुलगी आलीय.”

मावशींनी हात सोडला.