प्रेबेनचा आकडा

प्रेबेनचा आकडा पुन्हा चढला होता. टोवेने राय ब्रेडचा अर्धा तुकडा तसाच डब्यात टाकला आणि संगणक बंद केला. वैताग आला होता तिला, नुसता वैताग.

लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या त्या संशोधन केंद्रात कायमची जागा एकच होती आणि दावेदार दोन, ती आणि प्रेबेन. उन्हाळा संपला की टोवेची तात्पुरती नेमणूक संपणार. मग राहतं घर विकून या वयात नोकरीसाठी दारोदार फिरायचं. आणि जागा ठरणार कशावर? तर इंटरनेटवरच्या एका आकड्यावर. तुमच्या लेखांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला ते यंत्राने मोजायचं, की झाली तुमची विद्वत्ता. लेख उघडून वाचायचे कष्ट कुणी घेत नव्हतं.

प्रेबेनचा गाजलेला लेख तरी काय! म्हणे बोटींच्या आवाजाने शिंपल्यांची वाढ खुंटते. प्रयोग केला होता एका टबात, तोही जेमतेम तीन आठवडे. टोवे मात्र नऊ वर्षं थंडीवाऱ्यात फ्योर्डच्या पाण्यात उतरून मापं घेत होती. वर्षाला चार-पाच लेख लिहीत होती, आणि प्रत्येक लेखात आधी त्या खुळ्या दाव्याचा खरपूस समाचार घेऊन मगच पुढे सरकत होती. तरी आकडा त्याचाच मोठा. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

ती तडक केंद्रप्रमुख आस्ताच्या खोलीत गेली. दोघी एकाच वर्गात शिकलेल्या, त्यामुळे भीडभाड नव्हती. हा आकडा फुगवलेला आहे, असं तिने सांगून टाकलं. प्रेबेनचा कुणीतरी दोस्त त्याचे गोडवे गात असणार, अहो रूपम् अहो ध्वनिः चाललंय सगळं. आस्ताने हात झटकले. आकडा वरच्यांना हवा असतो, तिच्या हातात काही नव्हतं.

"मग निदान तपास तरी," टोवे म्हणाली. "उल्लेख कोण करतं ते बघ. एकच माणूस पुन्हा पुन्हा करत असेल, तर ते सगळे वजा कर. आणि तो आपल्यातला निघाला, तर त्याला इथे जागा नाही."

"कुणीही असला तरी?"

"कुणीही. माझा सख्खा भाऊ असला तरी."

पुढच्या बैठकीत तिने हाच नियम रेटून मंजूर करून घेतला. बैठकीनंतर प्रेबेन कॉफी ओतत उभा होता. त्याने तिचाही कप भरला.

"नियम मागे घे, टोवे," तो हळूच म्हणाला. "अजून वेळ आहे."

"का? पोटात गोळा आला वाटतं?"

तो आपला कप घेऊन निघून गेला. टोवेने कॉफीला हातही लावला नाही. घरी जाताना मात्र ती कितीतरी दिवसांनी शीळ घालत सायकल चालवत होती.

शुक्रवारी आस्ताने तिला बोलावून घेतलं, दार लावून घेतलं.

"तुझं खरं निघालं," ती म्हणाली. "आकडा एकाच माणसाने फुगवलाय. ते सगळे उल्लेख वजा केले, आणि प्रेबेन तुझ्या खाली गेला."

टोवेने खुर्चीत अंग सैल सोडलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी धड मोजलं होतं! आता घर विकायला नको. तिला रडूच यायला लागलं.

"पण तो माणूस आपल्यातलाच आहे," आस्ता म्हणाली. "आणि नियम आता कागदावर आलाय. मला वाकवता यायचा नाही."

"वाकवू नकोसच. कोण आहे तो?"

आस्ताने प्रेबेनच्या गाजलेल्या लेखाच्या उल्लेखांची यादी तिच्यापुढे सरकवली.

"टोवे, गेल्या नऊ वर्षांत त्या लेखाचं नाव तुझ्याशिवाय कुणीही घेतलेलं नाही."