मऊ हात

कासारणीच्या पेटीत हिरव्या बांगड्या चार डझन होत्या: तीन डझन अडीचच्या मापाच्या, एक डझन सव्वादोनच्या. सव्वादोनच्या वृंदासाठी. तिची बोटं रबरासारखी वळत आणि केस विंचरताना खांदा निखळे.

घराण्यातल्या या सैल सांध्यांवर जनुक दुरुस्त करणारं इंजेक्शन निघालं, ते दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच. तेव्हा वृंदा बारा वर्षांची होती, धाकटी केतकी आठ. केतकी पुढे पोहली, गड चढली आणि उद्या तिचं लग्न होतं. पंधरा वर्षं वृंदा तिच्यावर जळत आली होती.

"अगं बया, नवरीला अडीच सैल होतंय!" फुलाबाई कासारीण म्हणाली आणि तिने सव्वादोनच्या चढवल्या. "एकसुद्धा वाढली नाही. दिवाळीत केवढा कडक होता हात! आता ताईसारखा मऊ झाला."

"ताई, आले बघ तुझ्या मापाला!" केतकी हसली.

वृंदाला आधी आनंद झाला. अगदी पोटातून. तो ओळखून तिला घाम फुटला. इंजेक्शनचा गुण उतरला, तर करंगळी नव्वद अंशांपलीकडे मागे वळेल, आणि मग हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी कधीही फाटू शकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती गप्प राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

तिने पर्समधून स्वतःचे सांधे मोजायचा कोनमापक काढला.

"करंगळी दे."

"आत्ता काय गं, सगळ्यांसमोर?"

"दे म्हणते ना."

करंगळी पंच्याण्णव अंशांवर थांबली.