करवंटीचा कोळसा

दहिसर नदीच्या काठावर राहणाऱ्या श्यामसुंदर राजाध्यक्षांच्या घरात नदीकडच्या खिडक्या वासामुळे कायम बंद असायच्या. त्यांची मुलगी गंधाली पीएचडीसाठी त्याच नदीतल्या काळ्या गाळावर काम करत होती. "मुलगी चिखल चिवडते, असं लोकांना सांगू का?" असं ते चारचौघांत म्हणायचे.

गंधालीने नारळाच्या करवंट्यांचा कोळसा बनवला, त्यात लोखंडाचे क्षार मुरवले आणि तो सोसायटीमागच्या गाळात मिसळला. गाळातली विषारी रसायनं हळूहळू तुटत गेली. दिवाळीपर्यंत वास इतका कमी झाला की आईने स्वतः खिडक्या उघडल्या.

त्या रविवारी बाबा सोसायटीच्या मीटिंगहून आले ते पेढे घेऊनच.

"चुकलो गं मी, गंधाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी. तुझ्या कोळशावर काय विश्वास बसलाय लोकांचा!"

तिचे डोळे भरून आले. बाबांनी तिला पेढा भरवला.



"आणि ठराव तर एकमताने पास झाला बघ. ड्रेनेजची तुंबलेली लाइन आता दुरुस्त करायची नाही, सरळ नदीत सोडायची!"