सेरापियोचा चाप

सेरापियो म्हणजे आमच्या दानाओ गावचा सगळ्यात जुना नेमबाज. स्पर्धेचं पिस्तूल घेऊन माझ्या नवऱ्याच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आला, म्हणाला, "चाप जड झालाय रे, ऐन वेळी अडकतो. रविवारी संघाची निवड आहे, तेव्हा अडकला तर पोरं मला घरी बसवतील."

नवऱ्याने स्प्रिंग बदलली. सेरापियो म्हणाला, जडच. चापाची खाच घासली, तरी जडच.

"मानोय," नवरा म्हणाला, थोरल्या भावाला म्हणतात तसं, "याहून हलका केला तर शिंकलात तरी बार उडेल."

"उडू दे. तू घास."

मग माझा नवरा पेटलाच. इतका घासला, इतका घासला, की बाकावर ठेवलेल्या त्या पिस्तुलाच्या चापावर एक माशी बसली आणि गोळी सुटून माझ्या कोंबड्याचा तुरा भादरून गेली. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, लाजून अजून आरवत नाही तो.

"घ्या मानोय, आता तक्रार नको," म्हणत नवऱ्याने पिस्तूल भरून त्याच्या हातात दिलं.

 

सेरापियोने नेम धरला, दात-ओठ खाल्ले, घामाने भिजला, पण चापावरचं त्याचं आखडलेलं बोट काही जागचं हललं नाही.